परदेशची विद्या व आपली मुले

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपल्या कृष्णाकाठच्या गावांत घरोघर एकच प्रश्न निघतो. पोरगा हुशार आहे, गणितात मार्क चांगले आहेत, तर त्याने कोणती पदवी घ्यावी म्हणजे त्यास परदेशी जाता येईल? ज्या घरात आजोबा सहीच्या जागी अंगठा उठवीत होते, त्याच घरात आज नातू जर्मनीतील विद्यापीठांची नावे घेतो, ही थोड्या आनंदाची गोष्ट नव्हे. त्या आनंदावर विरजण घालण्यास आम्ही येथे उभे राहिलो नाही. मुलांनी जावे, मुलींनीही जावे, असेच आमचे मत आहे. परंतु प्रश्न ज्या रीतीने विचारला जातो ती रीत उलटी आहे, एवढेच सांगण्यास आलो आहो. आधी देश ठरवावयाचा, मग त्या देशात खपणारी पदवी शोधावयाची, मग ती देणारे कॉलेज, आणि शेवटी पैसा कोठून आणावा याची चिंता, अशी आजची चाल आहे. खरी चाल अशी की, आधी विषय, मग कॉलेज, मग पैसा आणि सर्वांच्या शेवटी देश. ही चाल का खरी, ते आता सांगतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. परदेशी जाणे आपल्या लोकांस नवे नाही. सातारा तालुक्यातील अपशिंगे गावास लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात ह्या गावचे कित्येक जवान कामी आले. फ्रान्स आणि मेसोपोटेमिया हे शब्द आपल्या बायाबापड्यांनी तारांतून ऐकले. म्हणजे आपला बहुजन समाज समुद्रापार गेला तो बंदूक घेऊन गेला. पुस्तक घेऊन जाण्याचे भाग्य ज्यांस मिळाले ती घरे बोटांवर मोजण्यासारखी होती. कोणत्या देशात जावे हे शिपायास कोणी विचारले नाही. तुम्हांस आज निवड करता येते. ती निवड आंधळेपणाने केली तर शिपाई आणि तुम्ही यांत फरक तो काय राहिला?

पुस्तक घेऊन गेलेल्यांपैकी एक उदाहरण आपल्याच भागातील आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभा केला. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी होय. त्यांचे चिरंजीव शंतनुराव १९२२ साली अमेरिकेस मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रविद्येच्या संस्थेत गेले आणि १९२६ साली यंत्रविद्येची पदवी घेऊन परत आले. त्यांनी यंत्रविद्याच का निवडली? अमेरिकेत तिला भाव होता म्हणून नव्हे. घरी नांगराचे फाळ ओतले जात होते, यंत्रे बनत होती, आणि ती अधिक चांगली कशी करावी हा प्रश्न रोज समोर उभा होता. प्रश्न घेऊन मुलगा गेला, म्हणून उत्तर घेऊन आला.

येथे कोणी म्हणेल, महाराज, त्यांच्या बापाचा कारखाना होता, आमच्या बापाची चार एकर जिराईत आहे. आक्षेप खरा आहे. ज्याच्या घरी भांडवल, त्याची निवड सोपी. म्हणून दुसरे उदाहरण घेऊ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव दाखल झाले. त्या शाळेस आज आपण प्रतापसिंह हायस्कूल म्हणतो, आणि तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांस महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांनी अर्थशास्त्र घेतले, विज्ञान घेतले नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु निवड कशी करावी याचा धडा विज्ञानाच्या विद्यार्थ्यानेही येथूनच घ्यावा. शिष्यवृत्तीवर शिक्षण झाले, तिच्याबरोबर बडोदे संस्थानची नोकरी करण्याची अट होती, आणि १९१७ साली ते त्या नोकरीवर गेले तेव्हा तेथे जातीमुळे राहण्यास जागा मिळेना. पुढे मुंबईस सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसा साठविला, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेतले, १९२० साली पुन्हा लंडन गाठले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर डी.एससी. मिळविली. विषय आपल्या देशाच्या प्रश्नाचा, पैसा शिष्यवृत्तीचा व स्वकष्टाचा, आणि अट काय आहे याची पुरी जाणीव. ह्या तीन गोष्टी ज्याच्यापाशी आहेत त्याला बापाचा कारखाना नसला तरी चालतो.

आता पहिली बाब, विषयाची. आज दहा मुलांस विचारा, नऊ मुले कॉम्प्युटर म्हणतील. का, असे विचारले तर शेजारचा गेला म्हणून, असे उत्तर येते. कॉम्प्युटरची विद्या थोर आहे, ज्यास तिची आवड आहे त्याने ती खुशाल घ्यावी. पण शेजाऱ्याच्या अंगरख्याच्या मापाने आपला अंगरखा शिवू नये. तुम्ही आज पदवीस बसाल ते चार वर्षांनी बाहेर पडाल, आणि वरची पदवी घेऊन सहा वर्षांनी. सहा वर्षांत परदेशच्या बाजारात कोणत्या विद्येचा भाव काय राहील, हे तेथील सरकारलाही सांगता येत नाही. ज्याचा भाव आज चढा आहे ते पीक सगळ्या गावाने लावले म्हणजे काय होते, हे कांदा आणि टोमॅटो पिकविणाऱ्यास आम्ही सांगावे काय?

मग विषय कशावरून ठरवावा? ज्या विषयाचा अवघड भाग मुलगा कोणी न सांगता पुन्हा वाचतो, तो त्याचा विषय. आणि दुसरी खूण अशी की, ज्या विषयाचे प्रश्न त्याने डोळ्यांनी पाहिले आहेत, तो विषय त्यास लवकर वश होतो. ह्या दृष्टीने आपला भाग दरिद्री नाही, उलट फार श्रीमंत आहे. तीन उदाहरणे देतो.

खानापूर, आटपाडी, तासगाव ह्या तालुक्यांतील हजारो माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. काश्मीरपासून केरळपर्यंत सराफकट्ट्यांत विट्याकडील मराठी बोली ऐकू येते. गलाईवाला काय करतो? मिसळीचे सोने घेतो, त्यात सुमारे तिप्पट चांदी घालून वितळवितो, आणि तो गोळा नायट्रिक आम्लात टाकतो. चांदी व तांबे आम्लात विरघळतात, सोने तळाशी राहते. मग त्या द्रवात तांब्याची पट्टी सोडली की चांदी परत बाहेर येते. हे अस्सल रसायनशास्त्र आहे. विद्यापीठात ह्यास मोठी नावे आहेत, गलाईवाल्याच्या हातात ती क्रिया आहे. परंतु त्या क्रियेत जो तांबूस धूर निघतो तो छातीस घातक आहे, तो कसा अडवावा व शोषून घ्यावा हे शिकविणारा मात्र त्याला कोणी भेटला नाही. देशभर चालणारी ही विद्या कागदावर नसल्याने परदेशच्या दारात तिची किंमत शून्य होते. त्याच घरातील मुलगा धातुशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन निघाला, तर तो पहिल्या दिवसापासून प्रयोगशाळेत घरच्यासारखा वावरेल.

दुसरे उदाहरण तासगाव-मिरजेच्या द्राक्षाचे. २०१० साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट नावाच्या रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला म्हणून युरोपने माल अडविला आणि बागायतदार हवालदिल झाले. वेलीची वाढ रोखून घड धरण्यासाठी वापरले जाणारे हे औषध. मर्यादा किलोमागे मिलिग्रॅमच्या अंशात मोजावयाची असते, आणि ती मोजणारा रसायनज्ञ एका कागदाने कंटेनर पुढे पाठवितो किंवा परत फिरवितो. असले पृथक्करण शिकलेल्या माणसाची गरज रॉटरडॅमच्या बंदरात आहे, तशी आपल्या तालुक्यातही आहे.

तिसरे उदाहरण उसाचे. आपल्या दोन जिल्ह्यांत साखर कारखान्यांची धुराडी कोठूनही दिसतात. साखर तंत्रज्ञान व मद्यार्क तंत्रज्ञान शिकविणारी, वसंतदादांच्या नावाची संस्था पुण्याजवळ मांजरी येथे आहे. आपल्याकडचे साखरतंत्रज्ञ पूर्व आफ्रिकेतील कारखान्यांत जाऊन काम करीत आले आहेत. परदेश म्हणजे अमेरिका एवढेच ज्यांस ठाऊक, त्यांच्या ध्यानात ही वाट येतच नाही.

येथे आमच्यावर एक आरोप येईल, तो आम्हीच मांडतो. बापाने गलाई केली म्हणून मुलाने रसायन शिकावे, बापाने ऊस लावला म्हणून मुलाने साखर शिकावी, ही जुन्या वर्णधर्माचीच शिकवण नव्हे काय? मुळीच नव्हे. बापाचा धंदा मुलाने केलाच पाहिजे, असे म्हणणारांशी आपल्या वडीलधाऱ्यांनी शंभर वर्षे झगडा केला. कुंभाराच्या मुलीस आकाशातील ताऱ्यांचे शास्त्र आवडले तर तिने तेच शिकावे, आणि तिला अडविणाऱ्याचा हात आम्ही धरू. आमचे म्हणणे एवढेच की, घरच्या कामात जे ज्ञान आहे त्याची लाज बाळगून ते टाकून देऊ नका. घराचा धंदा हे बंधन नव्हे, ते भांडवल आहे. भांडवल वापरावे की न वापरावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

शेतीचे शिक्षण हलके, असा जो समज आपल्यात शिरला आहे त्याबद्दल दोन शब्द. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव ह्याच जिल्ह्यातील कटगुण. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात त्यांनी सरकारास सुचविले होते की, शेतकऱ्यांच्या मुलांस विलायतेतील शेतकीच्या शाळा पाहण्यास पाठवावे. ज्या काळी शेतकऱ्याच्या मुलास गावची शाळा दुर्मिळ, त्या काळी हा माणूस त्याला विलायतेस पाठविण्याची गोष्ट बोलत होता! पुढे वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत ओरेगन व वॉशिंग्टन राज्यांतील शेतकी महाविद्यालयांत शिकले, १९२० नंतरच्या दशकात मेक्सिकोत चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले, तेथे मक्याच्या सुधारित जातींवर काम केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी शेतीच्या मोफत शाळा काढल्या. डिएगो रिव्हेरा ह्या जगप्रसिद्ध चित्रकाराने त्यांस आपल्या भित्तिचित्रात रेखाटले. शेतकीची पदवी घेऊन माणूस परक्या देशाच्या इतिहासात जाऊन बसतो, तो असा.

दुसरी बाब, कॉलेजाची. परदेशी जावयाचे म्हणजे पहिली पदवीही तेथेच घ्यावी, असे मुळीच नाही. पहिली पदवी येथे घ्या, तीही पारखून. सांगलीचे वालचंद कॉलेज १९४७ पासून चालू आहे, कराडचे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, आणि रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजांतून आज विज्ञानाचे उच्च शिक्षण मिळते. हेच भाऊराव आधी किर्लोस्करांचे नांगर व ओगलेवाडीच्या काचकारखान्याचा माल विकत गावोगाव हिंडले होते. कारखाना आणि शाळा यांचे नाते त्यांनी पायांनी मोजले होते.

कॉलेजात प्रवेश घेताना इमारत किती मजल्यांची, हे पाहू नका. तीन प्रश्न विचारा. पहिला, ह्या शाखेस राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाचे, म्हणजे एनबीएचे मानांकन आहे काय, आणि ते ‘टियर एक’चे आहे काय? अभियांत्रिकी पदव्यांस परस्पर मान्यता देणारा ‘वॉशिंग्टन करार’ नावाचा अनेक देशांचा करार आहे. भारत त्याचा पूर्ण सभासद २०१४ साली झाला. परंतु त्याचा लाभ टियर एकचे मानांकन असलेल्या अभ्यासक्रमांसच मिळतो, आणि मानांकन कॉलेजास नसून शाखेस असते. एका कॉलेजातील एक शाखा मानांकित व दुसरी नाही, असे असू शकते. दुसरा प्रश्न, पदवी किती वर्षांची? अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठे वरच्या पदवीसाठी एकंदर सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. आपली तीन वर्षांची बी.एससी. धरून पंधराच वर्षे भरतात. युरोपात तीन वर्षांची पदवी सर्रास आहे, तरी तेथेही विषयवार तासिका मोजल्या जातात. म्हणून विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने चार वर्षांची ऑनर्स पदवी किंवा येथील एम.एससी. यांचा विचार आधीच करावा. तिसरा प्रश्न, प्रयोगशाळा विद्यार्थ्याच्या हाती मिळते की कुलपात राहते? ह्याचे उत्तर माहितीपत्रकात सापडत नाही, वरच्या वर्गातील मुलांस विचारावे.

तिसरी बाब पैशाची, आणि येथे आम्ही अंमळ थांबणार आहो, कारण घरे बुडतात ती येथे.

१८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्या दंग्यांमुळे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि ज्या चार जिल्ह्यांस तो प्रथम लागला त्यांत सातारा होता. आपल्या पणजोबांच्या जमिनी कशा गेल्या? लग्नाच्या, बैलाच्या, साऱ्याच्या कर्जात गेल्या. आज शिक्षणाच्या कर्जात जाऊ लागल्या तर नुसते कारण बदलले, गहाणखत तेच राहिले.

हिशेब मांडून पाहा. समजा परदेशातील दोन वर्षांच्या पदवीसाठी तीस लाख रुपये दरसाल अकरा टक्के व्याजाने काढले. शिक्षणाची दोन वर्षे व पुढील एक वर्ष हप्ता नाही, म्हणून घरात निश्चिंती. पण व्याज झोपत नाही. सोयीसाठी सारी रक्कम प्रथमच उचलली असे धरू, तर तीन वर्षांत सरळ व्याज नऊ लाख नव्वद हजार होते. म्हणजे फेड सुरू होताना डोक्यावर जवळजवळ चाळीस लाख. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर महिना सुमारे पंचावन्न हजारांचा हप्ता पडतो. तेथे नोकरी लागली तर हा हप्ता सहज निघेल. पण न लागली आणि येथे येऊन चाळीस हजारांवर काम धरले, तर पोराने खावयाचे काय आणि बापाने तोंड दाखवावयाचे कोणाला?

आणखी एक गोष्ट पालकांनी समजून घ्यावी. शैक्षणिक कर्जाच्या बँकांच्या नमुना योजनेत साडेसात लाखांपर्यंत मालमत्तेचे तारण मागत नाहीत, त्यापुढे मागतात. शेतजमीन तारण घेण्यास बँका बहुधा नाखूष असतात, कारण २००२ सालच्या ज्या कायद्याने त्या झटपट वसुली करतात तो शेतजमिनीस लागू नाही. मग शेतकऱ्याने काय करावे? तो राहते घर लिहून देतो, किंवा रस्त्याकडेचा एकर विकतो, किंवा खासगी कंपनीच्या चढ्या व्याजाकडे वळतो. आमचे स्पष्ट सांगणे असे की, परत आल्यावर येथील पगारात जे कर्ज फिटणार नाही, ते काढू नये. राहते घर आणि शेवटचा एकर ह्यांना तर हात लावूच नये.

मग गरिबाच्या मुलाने जाऊच नये काय? जावे, आणि हक्काने जावे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि परंपरागत कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या मुलांस मिळते. इतर मागासवर्गीय, भटके विमुक्त यांसाठी त्या खात्याची वेगळी योजना आहे, मराठा-कुणबी मुलांसाठी ‘सारथी’ संस्थेमार्फत सयाजीराव महाराजांच्या नावाची आहे. जागा थोड्या, अर्जाची मुदत लहान, उत्पन्नाच्या व विद्यापीठाच्या क्रमवारीच्या अटी वेळोवेळी बदलणाऱ्या. म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, पारपत्र हे कागद पदवीच्या तिसऱ्या वर्षीच तयार ठेवा. कागदाअभावी गेलेली शिष्यवृत्ती ही परीक्षेत नापास होण्यापेक्षा वाईट, कारण तीत अक्कल कमी पडत नाही, नुसती तयारी कमी पडते.

येथेच एजंटांची गोष्ट सांगितली पाहिजे. सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला तेव्हा त्याचे पहिले म्हणणे असे होते की, निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको. आज विद्यापीठ आणि विद्यार्थी यांच्यामध्ये नवा दलाल बसला आहे. तो फी मागत नाही म्हणून आपल्या लोकांस तो धर्मात्मा वाटतो. परंतु पुष्कळ वेळा त्याचे कमिशन पलीकडचे कॉलेज देते, आणि जे कॉलेज कमिशन देईल तेच तो चांगले म्हणतो. २०२३ साली कॅनडात पंजाबकडील बऱ्याच विद्यार्थ्यांवर देश सोडण्याची पाळी आली, कारण एजंटाने आणून दिलेली प्रवेशपत्रे खोटी निघाली. अर्ज विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, आपल्या हाताने भरावा. जो मुलगा स्वतःचा अर्ज भरू शकत नाही, तो परमुलखात स्वतःचे घर कसे चालविणार?

चौथी बाब देशाची. ती शेवटी का, ते पाहा. अमेरिकेत विज्ञान, तंत्र, अभियांत्रिकी व गणित ह्या यादीतील पदवी घेतली तर शिक्षणानंतर कामाच्या अनुभवासाठी बारा महिने अधिक चोवीस महिने मिळण्याची तरतूद आहे. इतर विषयांस बाराच. म्हणून आपला अभ्यासक्रम त्या यादीत आहे की नाही हे विद्यापीठास लेखी विचारावे, नुसत्या नावावर विसंबू नये. पुढे नोकरीचा जो एच-वन-बी परवाना, त्याची वर्षाची मर्यादा पासष्ट हजार, व अमेरिकेतच वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी वीस हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील अध्यक्षांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावण्याचा हुकूम काढला. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. त्याच महिन्यापासून इंग्लंडने शिकवणीच्या एम.एससी.सारख्या अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांस बायकामुले बरोबर आणण्याची मुभा बंद केली. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, तरी बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांत २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्रास पंधराशे युरो घेतो. राहण्या-खाण्याच्या खर्चापोटी वर्षाचे ११,९०४ युरो आधी खात्यात दाखवावे लागतात असा सप्टेंबर २०२४ पासूनचा नियम, आणि नोव्हेंबर २०२२ पासून आपल्या कागदांची तपासणी करून घ्यावी लागते.

हे सारे भिववण्यासाठी सांगितले नाही. परक्या देशाचे दार परक्याच्या हातात असते आणि ते एका सहीने बंद होते, हे कळावे म्हणून सांगितले. ज्याने देश पाहून पदवी घेतली, त्याची पदवी त्या सहीबरोबर बुडते. ज्याने विषय पाहून घेतली, तो दुसऱ्या देशात जातो, किंवा ताठ मानेने घरी येतो. दोन्हीकडे उभी राहते ती खरी पदवी.

मराठी शाळेत शिकलो, इंग्रजी कच्चे, म्हणून भिणाऱ्या मुलांस आमचे एवढेच सांगणे. मराठीत समजलेले विज्ञान वर्ष-दीड वर्षाच्या मेहनतीने इंग्रजीत सांगता येते. इंग्रजीत घोकलेले कोणत्याच भाषेत सांगता येत नाही. भाषा हे हत्यार आहे, त्यास धार लावता येते. जर्मनीस जाणाराने जर्मन आतापासूनच शिकावी, कारण वर्गात इंग्रजीवर भागले तरी कारखान्यात भागत नाही.

शेवटी आमच्या भगिनींविषयी. सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव ह्याच सातारा जिल्ह्यात आहे. सुतार समाजातील रखमाबाई विलायतेस गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरतेस त्यांनी बायाबापड्यांची सेवा केली. त्यांस जाऊ देण्यास तेव्हाचे लोक तयार नव्हते. आज सव्वाशे वर्षांनंतर, मुलास जर्मनी आणि त्याच्याहून हुशार बहिणीस तालुक्याचे कॉलेज, अशी वाटणी ज्या घरात होते, त्या घराने फुल्यांची तसबीर भिंतीवर लावून उपयोग नाही. घरात एकाच्याच शिक्षणापुरता पैसा असेल तर तो हुशारी पाहून खर्च करावा, मुलगा-मुलगी पाहून नव्हे.

बंधुभगिनींनो, आज घरी गेल्यावर एक कागद घ्या. वर मुलाने किंवा मुलीने आपला विषय लिहावा आणि तो का आवडतो ते स्वतःच्या चार ओळींत लिहावे. त्याखाली पदवीचे मानांकन, मग पैशाचा हिशेब व्याजासकट, मग शिष्यवृत्तीच्या तारखा. एवढे भरून झाल्यावर सर्वांत खाली देशाचे नाव लिहा. वरच्या चार ओळी जर लिहिता आल्या नाहीत, तर खालचे नाव खोडा आणि पुन्हा प्रथमपासून बसा. त्यास एक संध्याकाळ लागेल. गहाण पडलेले घर सोडवण्यास पिढी लागते. आपली मुले जगभर जावोत, मोठी होवोत, पण कर्जदार म्हणून नव्हे, विद्यावंत म्हणून जावोत, एवढे मागून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.